चालत्या समुद्राचे नळ बदलताना

(मंडळाच्या सभेत हुडको येथील एका दांपत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषण दोघांनी मिळून लिहिले होते, वाचले एकाने.)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून नळ, पंप आणि सांधे यांविषयी बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. विषय आम्ही निवडलेला नाही. आमच्या हुडकोतील घरी जे जे येतात, ते बैठकीतील खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे उभे राहतात आणि दोन प्रश्न विचारतात. पहिला, हे पाणी आणता कुठून? दुसरा, नागपूरकडचे नातेवाईक अधिक विचारतात तो : यातला खाण्याजोगा मासा कोणता? कार्यवाहांनी सुचविले की, या प्रश्नांची उत्तरे एकदाच सर्वांना देऊन टाकावीत. ती देताना गेल्या वर्षांत आम्हांला ज्या एका प्रसंगाने जेरीस आणले तो सांगितल्यावाचून राहवणार नाही; किंबहुना आजचे भाषण त्याच प्रसंगाचे आहे.

आमच्यापैकी एकाने चौतीस वर्षे पोलाद कारखान्याच्या पाणीविभागात काढली आणि दुसरीने जवळजवळ तितकीच वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. एकाचे घराणे नागपूरचे, दुसरीचे माहेर मालवणचे. म्हणजे समुद्राची ओढ घरात अर्धीच होती. टाकी मात्र आमची नव्हे, मुलाची. २०१० साली, अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षात असताना, त्याने ती स्वतः आखली, काच कापून आणली, सिलिकोनने जोडली आणि दोन वर्षांनी नोकरीसाठी परदेशी जाताना आमच्या स्वाधीन केली. "बंद करायची असेल तर सांगा, कुणाला तरी देऊ," असे तो म्हणाला होता. आम्ही सांगितले नाही.

कोणत्याही किनाऱ्यापासून चारशे किलोमीटरहून अधिक आत असलेल्या या गावात समुद्र चालविणे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. पाणी येथलेच. ते आधी गाळून, क्षार काढून, जवळजवळ ऊर्ध्वपातित पाण्याइतके कोरे करावे लागते. मग त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार मिसळायचे. स्वयंपाकघरातील मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या क्षारात सोडियम क्लोराइड तीनचतुर्थांशाहून थोडे अधिक. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम ही सारी मंडळी असतात आणि त्यांच्यावाचून कोळंबीला कात टाकता येत नाही. उन्हाळ्यात भिलाईचा पारा पंचेचाळिसापाशी गेला की टाकीतील पाणी उडून जाते. पण उडते ते पाणी, क्षार नव्हे. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. ही एक गोष्ट न समजल्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात आम्ही आमचा समुद्र मृतसमुद्राच्या वाटेला लावला होता.

प्रवाळ आम्ही ठेवीत नाही. खडक बांधणारी सारी प्रवाळे २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली, आणि ते योग्यच झाले. आमच्या टाकीतील दगड कृत्रिम आहेत. विदूषक माशांची जोडी आहे ती पैदास केंद्रात जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आणि इतरांनी आपल्या देशात या माशांची पैदास साधली आहे. शिवाय दोन निळे मासे आणि एक पट्टेरी कोळंबी. विदूषक माशाविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे : हे सारे नर म्हणून जन्मतात, आणि घरातील सर्वांत थोर तो पुढे मादी होऊन कारभार पाहतो. वीस वर्षांहून अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. आमची जोडी चौदा वर्षांची होती. मुलाने त्यांना शेवटचे पाहिले तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी होती, म्हणजे आम्हीच त्यांना मोठे केले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आता नळांकडे वळू. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ५० उंच; पाणी सुमारे २७० लिटर. तिच्या एका कोपऱ्यात काचेची एक उभी कोठडी आहे. टाकीतील वरचा थर कोठडीच्या दातेरी कडेवरून आत सांडतो, तळाच्या छिद्रातून निचऱ्याच्या नळाने खालच्या टाकीत उतरतो, तेथे गाळला जातो, आणि पंप त्याला कोठडीच्याच तळातील दुसऱ्या छिद्रातून पुन्हा वर चढवितो. खाली एक टाकी ठेवून पाणी फिरविण्याची ही युक्ती जुनी आहे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे जे मत्स्यालय उघडले, त्याच्या रचनाकाराने, विल्यम आल्फर्ड लॉईड याने, दर्शनी टाक्यांहून कितीतरी अधिक पाणी तळातील अंधाऱ्या हौदात ठेवले आणि ते अहोरात्र पंपाने खेळविले. अंधारात शेवाळ वाढत नाही, आणि पाण्याचा साठा मोठा असला की बिघाड सावकाश होतो. कारखान्यात भट्टीच्या शीतलीकरणाचे पाणी ज्याने सांभाळले आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. पाणी फिरते आहे तोवर सारे ठीक. ते थांबले की घड्याळ सुरू होते.

मोठ्या मत्स्यालयांना नळ बदलायचे झाले तर दारे लावून घेता येतात. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. त्याच राजेंद्रबाबूंनी १९५९ च्या फेब्रुवारीत आपल्या भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू केली, हा योगायोग आम्हांला नेहमी मजेचा वाटतो. ते मत्स्यालय नूतनीकरणासाठी २०१३ साली बंद झाले आणि २०१५ साली पुन्हा उघडले. घरच्या टाकीला अशी दोन वर्षांची रजा मिळत नाही. मासे त्याच पाण्यात, माणसे त्याच घरात, आणि काम त्यांच्या डोक्यावरून.

ते काम निघाले एका रात्रीच्या अपघातामुळे. परत येणाऱ्या पाण्याचा फार आवाज होतो म्हणून एका कारागिराने नळाचे तोंड एल्बो लावून पाण्याखाली खोल नेले होते : पूर्वी ते ८ सेंटीमीटर खाली होते, ते १४ झाले. आवाज थांबला, आम्ही समाधानी झालो, आणि हिशेब केला नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर हे कबूल करावे लागते. वीज गेली की पंप थांबतो. मग वर चढविणारा तोच नळ वक्रनळी बनून पाणी उलटे खाली ओढू लागतो, आणि त्याचे तोंड उघडे पडेपर्यंत ओढतो. टाकीच्या पाण्याचा एक सेंटीमीटर थर म्हणजे ५.४ लिटर. ८ सेंटीमीटरांचे झाले ४३ लिटर. खालच्या टाकीत रिकामी जागा ५२ लिटरांची. मुलाने ते मोजूनच केले होते. १४ सेंटीमीटरांचे झाले ७५ लिटर. उरलेले तेवीस लिटर कुठे जाणार? वक्रनळी तोडण्यासाठी नळाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक छिद्र ठेवलेले होते खरे, पण ते शेवाळाने केव्हाच बुजले होते. अशी छिद्रे बुजतात आणि एकतर्फी व्हॉल्व्हही क्षार बसून अडकतात. दोन्ही असावीत, पण भिस्त ठेवावी ती फक्त मोजलेल्या रिकाम्या जागेवर.

पहाटे तीन वाजता वीज गेली. अंधारात पाणी प्यायला उठलेल्या आमच्यापैकी एकीचा पाय घसरला आणि मनगट मोडले. जमिनीवर ठेवलेला विजेचा बोर्ड खाऱ्या पाण्यात बुडालेला होता; वीज नव्हती म्हणून, नाहीतर प्रकरण मनगटावर भागले नसते. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आई, बाबा, आता पुरे. टाकी देऊन टाका."

मनगट प्लास्टरमध्ये होते त्या सहा आठवड्यांत या एका वाक्यावर आमची जितकी चर्चा झाली तितकी त्याच्या लग्नावरही झाली नव्हती. तो चुकीचे बोलत नव्हता. दर पंधरवड्याला वीस-पंचवीस लिटर पाणी बादल्यांनी उपसणे आणि तितकेच उचलून ओतणे आता दोघांच्याही कंबरेला झेपत नव्हते. टाकी ठेवायची तर नळ असे करायला हवे होते की वीज गेली तरी थेंब सांडणार नाही, एक मार्ग तुंबला तरी दुसरा चालेल आणि बादली उचलावी लागणार नाही. ते जमले नाही तर टाकी द्यायची. अशी मुदत आम्ही स्वतःलाच घातली, जानेवारी २०२४ ची. थंडीत पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि वीजही उन्हाळ्यापेक्षा कमी जाते. कामाला हाच काळ बरा.

भरलेल्या टाकीला नवे छिद्र पाडता येत नाही. जी दोन छिद्रे आहेत त्यांतच भागवायचे. म्हणून योजना अशी ठरली : चढत्या पाण्याचा नळ त्याच्या छिद्रातून काढून टाकीच्या मागील कडेवरून वरून आणायचा, तोंड पाण्याखाली केवळ ३ सेंटीमीटर ठेवायचे, म्हणजे वीज गेल्यावर तेथून १६ लिटरच उतरतील; आणि मोकळे झालेले छिद्र निचऱ्याच्या दुसऱ्या, संकटकालीन नळाला द्यायचे. पहिल्या निचऱ्यावर गेट व्हॉल्व्ह बसवून तो इतपत आवळायचा की नळ पाण्याने पूर्ण भरून वाहील. गुळगुळ आवाज येतो तो नळात हवा आणि पाणी एकत्र उतरतात म्हणून; नळ पूर्ण भरला की तो मुका होतो. दुसऱ्या नळाचे तोंड थोडे उंच, त्यातून नुसती धार ओघळती ठेवायची, आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह कधीही बसवायचा नाही. ज्या मार्गाने जीव वाचायचा त्याला कडी नसावी. शिवाय पंपाच्या नळाला एक टी आणि कॉक लावून मोरीपर्यंत फाटा न्यायचा : कॉक उघडला की जुने पाणी मोरीत जाईल, आणि शेजारच्या पिंपात कालवून ठेवलेले नवे पाणी एक छोटा पंप आत ढकलील. (हे पाणी झाडांना घालू नये. आमचा कढीपत्ता याच अज्ञानाला बळी पडला.)

नळ सारे पीव्हीसीचे. पितळेची किंवा तांब्याची एक चकतीसुद्धा चालत नाही. माशांना सोसते तेवढे तांबेही कोळंबीला मारक ठरते. जोड बसविण्याआधी सर्व नळ कोरडेच जुळवून पेन्सिलीने खुणा केल्या, मग बाहेर अंगणात सोल्युशन लावून जोडले, एक दिवस वाळू दिले आणि गोड्या पाण्याने धुऊन घेतले. जेथे पुढे कधी उघडावे लागेल तेथे युनियन घातली. कारखान्यातील सवय एवढी उपयोगी पडली की, टाकीखालचे दोन सांधे सोडले तर काहीच आत जोडायचे राहिले नाही.

खरी भीती नळांची नव्हती, न दिसणाऱ्या जिवांची होती. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्यापैकी सोसते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते दगडांवर, स्पंजात, वाळूत, नळांच्या आतल्या बुळबुळीत थरात चिकटून राहतात. नवी टाकी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात ते यांची वस्ती होईपर्यंत. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने त्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक जहाल असतो. तेव्हा नळ बदलायच्या आठवड्यात स्पंज धुवायचा नाही, वाळू हलवायची नाही, दगडांना हात लावायचा नाही. एका वेळी एकच उपद्रव. पाणी साचून राहिलेल्या बंद नळात मात्र दुसऱ्याच जातीचे जिवाणू वाढतात. जुना नळ कापला तेव्हा त्यातून काळे पाणी आणि सडक्या अंड्याचा वास आला. कोक ओव्हनजवळ काम केलेल्यांना तो वास ओळखीचा आहे. ते पाणी आम्ही बादलीत धरले. टाकीत थेंबही जाऊ दिला नाही.

कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पंप बंद केला. टाकीत एक छोटा पंप पाणी ढवळत ठेवला, हीटर आत होताच. टाकीचे पाणी एक तृतीयांश उतरविले, कारण कोठडी रिकामी झाल्यावर तिच्या काचेवर एकाच बाजूने दाब येतो आणि चौदा वर्षांचे सिलिकोन तो किती सोसेल याची खात्री नव्हती. तळाच्या जुन्या नटालाही हात लावायचा नाही असे ठरविले होते. चौदा वर्षे न गळलेला सांधा उघडून पाहण्याची जिज्ञासा माणसाने आवरावी. चढता नळ छिद्राच्या वर दोन इंच ठेवून हॅक्सॉने कापला, खालची बाजूही कापली आणि टाकीखालच्या त्या दोन सांध्यांना सोल्युशन लावले. आता ते कोरडे राहायला हवे होते.

आणि तेव्हाच कोठडीच्या कोपऱ्यातून पाणी पाझरू लागले.

फार नव्हे, पण थांबणारेही नव्हे. कापलेल्या नळाचे तोंड तळापासून दोन इंचांवर. पाणी तेवढे चढले की आतून थेट ताज्या सांध्यांवर उतरणार. कोठडीत हात जेमतेम जातो. आम्ही एक चहाचा कप घेतला आणि उपसू लागलो : एकाने उपसायचे, दुसरीने, नुकत्या बऱ्या झालेल्या मनगटाने, बादली धरायची. दर पंधरा मिनिटांनी. साडेअकरा झाले, साडेबारा झाले. मध्ये मासे पाहिले. मादी तळाशी एका जागी थरथरत उभी होती, कोळंबी दगडाखाली गेली होती. काच पूर्णच सुटली तर काय, हा प्रश्न आमच्यापैकी कुणीही मोठ्याने विचारला नाही.

एक वाजता मुलाचा फोन आला. तिकडे पहाट होती. तो जागाच होता. पाझर पाहून त्याचा चेहरा उतरला. मग त्याने विचारले, "पण तुम्ही उपसताय का?" आम्ही सांधे, सोल्युशन, दोन इंच हे सारे समजावून सांगितले. तो म्हणाला, "बाबा, नवा उभा नळ त्या तोंडावर आत्ताच बसवा की. त्याला सोल्युशन लागत नाही. शेजारचा निचऱ्याचा नळ चौदा वर्षे तसाच नुसता बसवलेला आहे. आतल्या सांध्यातून चार थेंब गळले तरी ते पाण्यातून पाण्यातच जाणार."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. शेजारचा नळ आमच्या नाकासमोर होता. उभ्या नळाच्या टोकाला टेफ्लॉन टेपचे चार फेरे दिले, तो दाबून बसविला, आणि कोठडीत पाणी हवे तितके चढू दिले. ते जसजसे चढले तसतसा काचेवरचा दाब दोन्हीकडून सारखा झाला आणि पाझरही थांबला. कप अजून जपून ठेवला आहे. त्यातून चहा पिण्याची मात्र इच्छा होत नाही.

संध्याकाळी सहाला पंप सुरू केला. पंपावर ३००० लिटरांचा आकडा छापलेला आहे. उंची आणि वळणे यांत किती जातो ते बादली लावून मोजले : १० लिटरांना २० सेकंद, म्हणजे तासाला १८००. टाकीचे सारे पाणी तासात सहा-सात वेळा फिरते, तेवढे पुरे. मग मुख्य निचरा पूर्ण बंद करून पाहिला. दुसऱ्या नळाने एक मोठा घोट घेतला आणि साऱ्या पाण्याचा भार एकट्याने उचलला. मग वीज बंद. खालची टाकी चढत चढत गेली आणि काठाच्या चार बोटे खाली थांबली. हे पाच वेळा केले. विजेच्या तारांना प्लगच्या खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ आलाच तर थेंब झोळाशी खाली पडेल. बोर्ड भिंतीवर उंच लावला आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसविला. हे खरे तर चौदा वर्षांपूर्वी व्हायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीत फिकट हिरवी छटा आली. वीस लिटर पाणी बदलले, बादलीवाचून, कॉक फिरवून. तिसऱ्या दिवशी छटा पिवळी झाली. मादीने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, नर तिच्याभोवती घिरट्या घालीत राहिला. चौथ्या दिवशी सकाळी ती वर आली आणि हाताला चावली. हे तिचे नेहमीचे वर्तन होय.

पहिल्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. चौदा वर्षे जो गुळगुळ आवाज ऐकत झोपलो तो आता नव्हता, आणि दर तासाला कुणीतरी उठून टॉर्च घेऊन, पाणी खरेच वाहते आहे ना, हे पाहून येत होते. आठवड्याने मुलाला सर्व बाजूंनी छायाचित्रे पाठविली. त्याने ती बारकाईने पाहिली, आणि टाकी देण्याविषयी काही बोलला नाही. एवढेच कळविले की, मोरीकडच्या फाट्यावर काटकोनाचा एक एल्बो आहे, तेथे पंचेचाळीस अंशांचे दोन घातले असते तर प्रवाह आणखी सुधारला असता. तो म्हणतो ते बरोबर आहे. तो आला की बदलू, असे आम्ही त्याला लिहिले आहे.